विश्लेषण : वाकतो गुडघा, दोष पोटरीचा? चालण्याचे गणित नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची चाल पाहून कोणता स्नायू सैल करायचा हे ठरवले जाते. पण चालताना कोणता स्नायू काय काम करतो, हे नुसते पाहून कळत नाही, असे जैववैद्यकीय अभियांत्रिकीतील गेल्या तीन-चार दशकांचे संशोधन सांगते. हे मोजमाप आता मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचले आहे. ते जिल्हा रुग्णालयापर्यंत का पोहोचू नये?

सरकारी रुग्णालयाची अस्थिरोग ओपीडी. सात-आठ वर्षांचा, चवड्यांवर चालणारा मुलगा आणि त्याची आई. ‘तिथपर्यंत जा आणि परत ये बाळा,’ डॉक्टर सांगतात. मुलगा गर्दीतून वाट काढत दहा-बारा पावले टाकतो. आई मागून ‘टाच टेकव रे, टाच टेकव’ म्हणत राहते. मग त्याला टेबलावर झोपवून डॉक्टर पाऊल वर दाबून पाहतात, गुडघा सरळ करून पाहतात. पाच-सात मिनिटांत निर्णय होतो. पोटरी आखडली आहे, टाचेमागची शीर लांबवावी लागेल. आईला हायसे वाटते. ऑपरेशन झाले की टाच टेकेल.

टाच टेकतेही. प्रश्न त्यानंतरचा आहे. काही मुलांच्या बाबतीत असे होते की दोन-चार वर्षांनी, उंची आणि वजन वाढू लागल्यावर, तेच मूल गुडघे वाकवून चालू लागते. खुर्चीत बसता बसता मध्येच थांबल्यासारखे. मांड्या लवकर थकतात, गुडघे दुखतात. शाळेत स्वतःच्या पायांनी जाणारे मूल दहावीपर्यंत व्हीलचेअरवर येऊ शकते. टाच टेकली, पण चाल गेली.

डॉक्टरांवर ठपका ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या ओपीडीत सकाळपासून शंभर-दीडशे रुग्ण रांगेत असतात, तिथे याहून अधिक वेळ मिळत नाही. पण या निर्णयाला आयुष्यभराचे परिणाम असतात आणि तो ज्या पुराव्यावर घेतला जातो तो पुरावा अपुरा आहे, हे म्हटले पाहिजे. डोळे कितीही अनुभवी असले, तरी चालण्यात जे महत्त्वाचे घडते ते त्यांना दिसत नाही. का दिसत नाही, ते समजून घ्यायचे तर आधी चालणे म्हणजे काय तेच पाहावे लागेल.

आपण चालतो म्हणजे काय करतो?

बहुतेकांची समजूत अशी असते की स्नायू पाय उचलतात, पुढे टाकतात आणि शरीर ओढून नेतात. प्रत्यक्षात स्नायू खूपच कंजूष असतात. घड्याळाचा लंबक मनात आणा आणि तो उलटा करा, म्हणजे टोक जमिनीवर आणि वजन वर. जमिनीवर टेकलेला पाय हा असा उलटा लंबक असतो. शरीर त्यावरून कमानीसारखे पुढे जाते. चढताना वेग थोडा कमी होतो आणि उंची मिळते. उतरताना उंची जाते आणि वेग परत मिळतो. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ जिओव्हानी कावान्या यांनी हा हिशेब मांडला. बेताच्या वेगाने चालताना या देवाणघेवाणीतून साठ ते सत्तर टक्क्यांपर्यंत यांत्रिक ऊर्जा वाचते, असे त्यातून दिसले. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून कोणी चालत गेले तर फक्त डोके दिसते, ते हलकेच वर-खाली होत जाते. तोच हा लंबक.

कॅनडात टॅड मॅकगीर या अभियंत्याने १९९० मध्ये ही कल्पना टोकाला नेली. त्याने पायांचे असे यंत्र बनवले, की ज्यात मोटर नाही, बॅटरी नाही, संगणक नाही. किंचित उतारावर सोडले की ते आपले आपण, बऱ्यापैकी माणसासारखे, चालत खाली येते.

मग सपाट जमिनीवर स्नायू हवेत कशाला? एका पायावरून दुसऱ्या पायावर भार जातो तेव्हा प्रत्येक पावलाला जमिनीशी छोटीशी धडक होते आणि ऊर्जा वाया जाते. ती भरून काढावी लागते. या भरपाईतला सर्वात मोठा वाटा पोटरीचा असतो. मागचा पाय जमीन सोडण्याच्या क्षणी पोटरी जो रेटा देते, तो चालण्यातला मुख्य धक्का. त्यातही ती हुशारी करते. पोटरीचा स्नायू फारसा आखडत नाही. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अ‍ॅकिलीस टेंडन, आधी रबरासारखी ताणली जाते आणि मग झटक्यात परत येते. स्नायूने फक्त एक टोक घट्ट धरून ठेवायचे.

अमेरिकेतील स्टीव्हन कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेगरी सॉइकी यांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक साधे उपकरण मांडले. कार्बन फायबरचा हलका सांगाडा, घोट्यामागे एक स्प्रिंग आणि ती नेमक्या वेळी अडकवणारी खिट्टी. वजन पायाला साधारण अर्धा किलो. बाहेरून कसलीही ऊर्जा नाही. तरीही ते घालून चालणाऱ्यांचा ऊर्जाखर्च सुमारे ७.२ टक्क्यांनी कमी झाला. लाखो वर्षे चालून चालून घोटून निघालेल्या चालीत अजून काटकसरीला जागा होती, हे आश्चर्य खरेच. मला मात्र त्या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. स्प्रिंग फार सैल असली तर फायदा नाही, आणि फार ताठ असली तरीही नाही. मधल्या ताठरपणालाच खर्च कमी होतो. टाचेमागची शीर किती लांबवायची हे ठरवणाऱ्या सर्जनपुढेही काहीसा असाच प्रश्न असतो. फरक इतकाच की प्रयोगशाळेत स्प्रिंग बदलून पाहता येते, शीर परत आखूड करणे सोपे नसते.

मेंदूला इजा, मग उपचार पायावर का?

चालताना आपण पायांचा विचार करत नाही. हा लेख वाचत वाचत काही जण चालतही असतील (रस्ता ओलांडत नसाल, अशी आशा). हे शक्य होते, कारण पावलांची लय बरीचशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तयार होते. टी. ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये दाखवले, की मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराच्या मज्जारज्जूतूनही पावले टाकल्यासारखी आलटून पालटून हालचाल निघते. १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की यांनी मांजराच्या मेंदूच्या देठातला एक छोटा भाग विजेने उद्दीपित केला, तर ते ट्रेडमिलवर चालू लागले; विजेचा जोर वाढवला तसे चालीवरून दुडकीवर आणि दुडकीवरून चौखूर गेले. म्हणजे वरून फक्त ‘चल’ आणि ‘आणखी जोरात’ एवढाच निरोप, बाकीची जुळवाजुळव खाली. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ग्रेगवार कोर्टीन यांचा गट आज याच खालच्या यंत्रणेला जागे करतो आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीने पाय गेलेल्या काही रुग्णांना त्यांनी २०१८ पासून विद्युत उद्दीपनाच्या आधाराने उभे केले, चालवले. २०२३ मध्ये तर एका रुग्णाच्या मेंदूतील संकेत बिनतारी मार्गाने थेट मज्जारज्जूपर्यंत पोहोचवून दाखवले.

माणसाचा मेंदू मांजरापेक्षा चालण्यात जास्त लक्ष घालतो. तोल सांभाळणे, पाऊल कुठे टाकायचे ते ठरवणे, नको तो स्नायू नको त्या वेळी गप्प ठेवणे, ही कामे वरून होतात. सेरेब्रल पाल्सीत नेमके हेच बिघडते. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. दर हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांमध्ये हे आढळते. मुदतपूर्व जन्मलेल्यांत अधिक. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढते. हाडे लांब होतात आणि सतत ताठ राहणारे स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. म्हणून मेंदूच्या आजारात सुरी पायावर चालते. हे चूक नाही, अनेकदा गरजेचेच असते. फक्त कोणत्या स्नायूवर, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

गुडघ्याला न शिवणारा स्नायू गुडघा सरळ कसा करतो?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबू या.

पोटरीत मुख्य दोन स्नायू असतात. वरचा, बाहेरून फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमिअस. तो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. त्याच्याखाली दडलेला सोलिअस. तो गुडघ्याच्या खालूनच निघतो आणि दोघे मिळून टाचेमागच्या शिरेला जोडले जातात. सोलिअसचा गुडघ्याशी काहीही संबंध नाही. शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकात त्याचे काम एका ओळीत संपते: पाऊल खाली दाबणे.

पण पाऊल जमिनीवर पक्के टेकलेले असेल तर? पाऊल खाली जाऊ शकत नाही. मग सोलिअसचा ओढा नडगीवर येतो; नडगी पुढे कलत असते, तिला तो मागे धरतो. आता एसटीतला प्रसंग आठवा. ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभ्या प्रवाशाचे पाय गाडीबरोबर थांबतात आणि धड पुढे जाते. इथे नडगी थांबते, मांडी आपल्या वेगाने पुढे जात राहते, आणि मधला गुडघा आपोआप सरळ होतो. गुडघ्याला स्पर्शही न करणारा स्नायू गुडघा सरळ करतो! फेलिक्स झॅजक आणि मायकल गॉर्डन यांनी १९८९ मध्ये हे समीकरणांतून मांडले. पुढे अ‍ॅलिसन अर्नोल्ड, स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांच्या संगणकीय प्रतिकृतींनी दाखवले, की एका पायावर उभे असतानाच्या टप्प्यात गुडघा ताठ ठेवण्यात सोलिअसचा वाटा मोठा असतो. त्याच्या जोडीला मांडीपुढचे आणि नितंबाचे स्नायू असतात.

आता ओपीडीतल्या त्या मुलाकडे परत या. टाच टेकत नाही म्हणून टाचेमागची शीर लांबवली. ती लांबवली म्हणजे दोन्ही स्नायू सैल झाले. गॅस्ट्रोक्नेमिअस आखडलेला होता, तो सैल होणे बरे. पण सोलिअसही सैल झाला, जो कदाचित आखडलेला नव्हताच. सोलिअसचे तंतू आखूड असतात, त्यामुळे त्याची शीर सेंटिमीटरच्या हिशेबात वाढली तरी त्याचे बल फार घटते. आता नडगीला मागे धरणारे कोणी उरले नाही. प्रत्येक पावलाला ती पुढे कोसळते आणि गुडघा वाकतो. मूल हलके असते तोवर मांडीचे स्नायू सांभाळून घेतात. वजन वाढले की तेही थकतात. दोन्ही पाय बाधित असलेल्या मुलांत नुसती ही शीर लांबवण्याचे धोके मेलबर्नच्या सर्जननी २००१ मध्येच नोंदवले होते, आणि अनुभवी बालअस्थिरोगतज्ज्ञ आता याबाबत सावध असतात. सावधपणा सगळीकडे सारखा पोहोचलेला नाही, इतकेच.

गुडघा वाकलेला दिसला की पुढचा संशय मांडीमागच्या स्नायूंवर, म्हणजे हॅमस्ट्रिंगवर येतो. टेबलावर पाय ताणून पाहिला तर ते ताठही लागतात. साहजिक निष्कर्ष निघतो, की ते आखूड झाले आहेत, म्हणून गुडघा ओढून धरतात; लांबवा. डेल्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा मुलांच्या चालीवरून, प्रत्यक्ष चालताना हॅमस्ट्रिंगची लांबी किती होते, याचे गणित केले. बहुतेकांत ती सामान्य मुलांइतकी किंवा त्याहून जास्तच निघाली. कारण हा स्नायू गुडघ्यापासून नव्हे तर कंबरेच्या हाडापासून मोजावा लागतो. कंबर पुढे कललेली असेल तर त्याचे वरचे टोक वर खेचले जाते. गुडघा वाकूनही स्नायू ताणलेलाच राहतो. असा स्नायू आणखी लांबवला तर कंबर अधिकच पुढे कलण्याचा धोका. अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शस्त्रक्रियेआधीच्या व नंतरच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे हॅमस्ट्रिंग चालताना खरोखर आखूड किंवा संथ होते, त्यांच्यात गुडघा सुधारण्याची शक्यता अधिक दिसली. ज्यांचे तसे नव्हते, त्यांच्यात कमी.

एकेक स्नायू एकेका वर्षी दुरुस्त करत जाण्याच्या पद्धतीला टोरांटोचे सर्जन मर्सर रँग यांनी ‘बर्थडे सिंड्रोम’ असे कडवट नाव दिले होते. या मुलांचा जवळजवळ प्रत्येक वाढदिवस रुग्णालयात जातो, म्हणून. एक शीर लांबवली की दुसरीकडे बिघाड उघडा पडतो, मग पुढच्या वर्षी ती. याला उत्तर म्हणून, सगळे दोष आधी मोजून एकाच वेळी दुरुस्त करण्याची पद्धत आली. पण तिची पहिली अटच ‘आधी मोजून’ ही आहे.

मोजतात कसे आणि त्यावर भरवसा किती?

गेट लॅब म्हणजे साधारण वर्गखोलीएवढी जागा. मुलाच्या अंगावर ठरावीक ठिकाणी चमकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवतात, चारी बाजूंचे इन्फ्रारेड कॅमेरे त्यांची जागा टिपतात. फरशीत बसवलेल्या बलमापक पट्ट्या जमिनीवरचा दाब मोजतात. त्वचेवरचे इलेक्ट्रोड कोणता स्नायू केव्हा जागा झाला ते सांगतात. डेल्प यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने २००७ मध्ये ‘ओपनसिम’ हे सॉफ्टवेअर मोफत खुले केले. त्यातल्या नेहमीच्या एका प्रतिकृतीत दोन्ही पाय आणि धड मिळून ९२ स्नायूरेषा आहेत. मोजलेली चाल तिच्यात घातली, की प्रत्येक स्नायूची लांबी आणि त्याने लावलेले अंदाजे बल हाती येते.

‘अंदाजे’ हा शब्द मुद्दाम वापरला. जिवंत माणसाच्या प्रत्येक स्नायूतले बल थेट मोजता येत नाही. एकच हालचाल अनेक स्नायूंच्या वेगवेगळ्या वाटपातून होऊ शकते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांना लोहाराच्या घणाचे घाव अभ्यासताना हेच कोडे पडले होते. दर घावाला हात वेगळ्या वाटेने जातो, घण मात्र नेमका जागेवर पडतो. संगणक हे कोडे सोडवताना बहुधा असे धरून चालतो, की शरीर कमीत कमी कष्टाचा मार्ग निवडते. सेरेब्रल पाल्सीतले शरीर नेमके तेच करू शकत नसते. म्हणून लांबीच्या गणितावर भरवसा जास्त, बलाच्या गणितावर बेताने, असे मी समजतो.

आणि मोजले म्हणजे सगळे सुटले, असेही नाही. लॉस एंजलिसमध्ये झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत अर्ध्या मुलांच्या सर्जनला गेट लॅबचा अहवाल दिला, अर्ध्यांना दिला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. टीकाकारांना हे आवडते. पण त्याच अभ्यासात हेही आढळले, की अहवाल मिळालेल्या सर्जननी त्यातल्या निम्म्याहून कमी शिफारशी पाळल्या होत्या. वजन केले आणि काट्याकडे पाहिलेच नाही, तर दोष काट्याचा कसा?

मोबाइलने चाल मोजता येते का?

आजवर यावर नेहमीचे उत्तर असे, की हे सगळे महागडे, आपल्याला परवडणारे नाही. भारतात अशा प्रयोगशाळा मोठ्या शहरांतल्या मोजक्या संस्थांत आहेत. हे उत्तर आता जुने होत चालले आहे.

स्टॅनफर्डच्याच गटाने २०२३ मध्ये ‘ओपनकॅप’ची माहिती प्रसिद्ध केली. दोन आयफोन स्टँडवर ठेवायचे, बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद एकदा दाखवायचा आणि माणसाला चालायला सांगायचे. अंगाला काही चिकटवायचे नाही. व्हिडिओवरून सांध्यांची जागा संगणक ओळखतो आणि पुढचे गणित ओपनसिम करते. शंभर जणांवर घेतलेल्या चाचणीत हे काम प्रयोगशाळेच्या २५ पट वेगाने आणि एक टक्क्याहून कमी खर्चात झाले, असे त्यांनी नोंदवले. त्याआधी २०२० मध्ये, हजाराहून अधिक सेरेब्रल पाल्सी रुग्णांच्या साध्या एका कॅमेऱ्याच्या व्हिडिओंवरून चालण्याचा वेग आणि गुडघ्याचा कोन यांसारख्या गोष्टींचा अंदाज बांधता येतो, हेही दाखवले गेले होते.

हुरळून जाण्याआधी अडचणी पाहू. ओपनकॅपची पडताळणी मुख्यतः निरोगी प्रौढांवर झाली. कॅलिपर लावलेला पाय, आईने धरलेला हात, गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, मागून जाणारी माणसे, हे सगळे या गणिताला गोंधळात टाकू शकते. आपल्या मुलांची हाडे, उंची-वजन, अनवाणी चालण्याची सवय यांची माहिती त्या प्रतिकृतींत क्वचितच असते. आणि मुलांचे व्हिडिओ कोणत्या सर्व्हरवर जाणार, हा प्रश्नही आहेच.

पण हाच प्रश्न आपण एकदा सोडवलेला आहे. पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. शेतात अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसाला ते काही कामाचे नव्हते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस रबराचे ‘जयपूर फूट’ घडवले, ते आपल्या माणसाची चाल पाहून. महाराष्ट्रालाही या कामाची परंपरा आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, आणि मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून. आपल्या मुलांच्या चालीचे मोजमाप गोळा करायला याहून योग्य जागा कोणती?

हे फक्त मुलांपुरते आहे का?

नाही. गुडघेदुखी हा घरोघरचा विषय आहे, म्हणून एक उदाहरण. गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असलेल्या ६८ जणांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. चालताना पाऊल किंचित आत किंवा बाहेर, पाच ते दहा अंश, वळवायला शिकवले. एका वर्षानंतर वेदना गोळ्यांनी होते त्या प्रमाणात कमी झाली, आणि कूर्चेच्या ऱ्हासाची चिन्हेही कमी दिसली. पण पाऊल आत वळवायचे की बाहेर, हे प्रत्येकाचे आधी मोजून ठरवले होते. चुकीच्या दिशेने वळवले तर गुडघ्यावरचा भार वाढू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पाय आत वळवून चाला, गुडघे बरे करा’ असा संदेश आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढे लक्षात ठेवा.

सरकारने काय करावे, पालकांनी काय करावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. तिथे फिजिओथेरपिस्ट असणे अपेक्षित आहे. अशा केंद्रात दहा पावलांची मोकळी जागा, दोन फोन, दोन स्टँड आणि प्रशिक्षित माणूस, याला फार मोठी तरतूद लागत नाही. तिथे टिपलेली चाल मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवता येईल. शिरेवर किंवा स्नायूवर शस्त्रक्रिया करण्याआधी आणि नंतर एक वर्षाने अशी नोंद सक्तीची करावी. ‘नंतर’ची नोंद सर्वात गरजेची, कारण आपल्याकडे ऑपरेशन किती झाली याचे आकडे निघतात, पाच वर्षांनी ती मुले कशी चालतात याचे निघत नाहीत. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २८ ने पुनर्वसनाविषयीच्या संशोधनाची जबाबदारी सरकारवर टाकलेलीच आहे. नवा कायदा लागणार नाही.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गेट लॅबची जागा घेणार नाही, अशी शंका काही डॉक्टर घेतील. बरोबरच आहे. पण इथे तुलना गेट लॅबशी नाही, गर्दीतल्या दहा पावलांशी आहे.

तोवर पालकांच्या हातात काय आहे? शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर काही गोष्टी विचारा. पोटरीतला कोणता स्नायू आखडला आहे, वरचा की दोन्ही? गुडघा वाकवून पाऊल वर येते आणि सरळ ठेवून येत नाही, असे असेल तर दोष बहुधा वरच्याच स्नायूत असतो. डॉक्टर ही तपासणी टेबलावर एका मिनिटात करून दाखवू शकतात. टाचेची शीर लांबवली तर गुडघ्याचे काय होईल, हेही विचारा. यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात.

आणि दर सहा महिन्यांनी मुलाच्या चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. पायात काही नको, चड्डी गुडघ्याच्या वर हवी. एकदा समोरून, एकदा बाजूने. फोन मुलाच्या कंबरेच्या उंचीवर स्टुलावर टेकवा, हातात धरून मागे धावू नका. दर वेळी तीच जागा, त्याच दिवसाच्या उजेडात, निदान सहा-सात पावले सरळ. ‘टाच टेकव’ असे त्या वेळी म्हणू नका. तो नेहमी जसा चालतो, तसाच चालू द्या.